तळहातावरचं बटण

"पंधरा दिवस द्या वहिनी, फक्त पंधरा दिवस! मग तुम्ही खुशाल जा. दुकानात कुणाला तुमची आठवणसुद्धा येणार नाही!"

रात्रीच्या जेवणाला सगळे बसलेले असताना इंजिनिअरने ही घोषणा केली आणि झालंच काम, अशा थाटात सगळ्यांकडे पाहिलं. बायकोने टेबलाखालून त्याचा पाय दाबला.

"म्हणजे, आठवण येईल," त्याने घाईघाईने दुरुस्ती केली. "पण काम अडणार नाही!"

हा इंजिनिअर म्हणजे खराखुरा इंजिनिअर नव्हे. शाळेत असताना त्याने घरातला रेडिओ उघडला होता. तो रेडिओ पुन्हा कधी जोडला गेला नाही, पण नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. शिवाय नुकताच त्याने संगणकाला चित्रं ओळखायला शिकवण्याचा तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स पुरा केला होता. त्याचं प्रमाणपत्र त्याने दुकानात गल्ल्याच्या वर, चांगलं चौकटीत घालून लावलं होतं.

दुकान बटणांचं. गल्ल्यामागची अख्खी भिंत म्हणजे एक लाकडी कपाट आणि त्या कपाटात चारशे ऐंशी खण. कोटाची, शर्टाची, शिंपल्याची, लाकडी, पितळी, लहान मुलांच्या कपड्यांना लावायची बदकाच्या आकाराची, काय म्हणाल ते बटण तिथे होतं. पण ते कुठे होतं, हे फक्त वहिनींना ठाऊक होतं. कधीकाळी प्रत्येक खणावर नमुन्याचं एक बटण चिकटवलेलं होतं म्हणतात. त्यातली निम्मी गळून पडली आणि उरलेल्यांच्या मागे आता भलतीच बटणं राहायला आली होती.

गिऱ्हाईक एकुलतं एक बटण घेऊन यायचं. वहिनी ते तळहातावर घ्यायच्या, मान जरा तिरकी करून बघायच्या, वळायच्या, आणि हात थेट त्या खणावर! या दुकानात बटण कधी काचेच्या काउंटरवर ठेवत नसत. ठेवलं की घरंगळायचं आणि काउंटरखाली गेलं की गेलंच. बटण बघायचं ते तळहातावर, हा तिथला पंचवीस वर्षांचा शिरस्ता. वहिनी नसतील तेव्हा इंजिनिअरचे थोरले बंधू, म्हणजे दादा, गल्ल्यावर असायचे. खणांबद्दलचं त्यांचं ज्ञान "वरती असेल बघ" एवढंच होतं.

आणि आता वहिनींना जायचं होतं. त्यांची लेक दुसऱ्या गावी होती, तिला महिन्याभरात बाळ होणार होतं. "माझ्या वेळी माझी आई नव्हती हो भावजी," वहिनी इंजिनिअरला म्हणाल्या होत्या. "तेव्हा फार एकटं वाटलं होतं. हिच्याजवळ मला असायचंच आहे. पण इथे दोन दिवसांत गिऱ्हाइकं परत जायला लागतील." तिकीट काढलेलं होतं, पण ते काढल्यापासून रोज एकदा तरी त्या ते रद्द करायच्या गोष्टी करत. हे ऐकूनच इंजिनिअरने विडा उचलला होता.

बेत सोपा होता. प्रत्येक खणातल्या बटणाचे वीस फोटो काढायचे. ते संगणकाला दाखवायचे आणि सांगायचं, बाबा रे, हा खण एक, हा खण दोन. शिकला, की गिऱ्हाइकाच्या बटणाचा फोटो दाखवायचा. तो खणाचा आकडा सांगणार!

"आणि चुकला तर?" इंजिनिअरच्या बायकोने विचारलं. घरात तिला सगळे धाकटी म्हणत.

"यंत्र आहे ते. ते चुकत नाही. माणसं चुकतात!"

काम वाटून घेतलं. कोटाच्या बटणांचे खण वहिनींकडे, रंगीत आणि मुलांचे धाकटीकडे, धातूचे दादांकडे. तिघांनी आपापलं खातं सांभाळलं. डाव्या तळहातावर बटण, उजव्या हातात फोन, आणि टिक टिक टिक! पाच दिवसांत साडेनऊ हजारांवर फोटो झाले. इंजिनिअर खुर्चीत बसून ते संगणकाला भरवत होता. मग त्याने त्यातलेच थोडे फोटो बाजूला काढून परीक्षा घेतली.

"अठ्ठ्याण्णव टक्के!" तो इतक्या जोरात ओरडला, की दादांच्या हातातला चहा सांडला. "शंभरातली अठ्ठ्याण्णव बरोबर! वहिनी, बॅग भरा!"

वहिनी त्या दिवशी पहिल्यांदा मोकळेपणाने हसल्या आणि बाळासाठी लोकर आणायला बाजारात गेल्या. नेमके तेव्हाच शिंपीकाका आले.

शिंपीकाका जुने गिऱ्हाईक. एका हॉटेलच्या चाळीस वाढप्यांचे कोट त्यांनी शिवायला घेतले होते आणि बटणं कमी पडली होती. काळं, चार भोकांचं, साधं बटण. दुकानाच्या रीतीप्रमाणे त्यांनी ते आपल्या तळहातावर ठेवून पुढे केलं. इंजिनिअरने ऐटीत फोटो काढला.

"खण तीनशे पाच. खात्री सत्त्याण्णव टक्के!"

खण उघडला. आत पितळी बटणं होती, चकचकीत, प्रत्येकावर जहाजाच्या नांगराचं चित्र.

"हे पितळी आहे," शिंपीकाका म्हणाले.

"दिसायला."

"आणि माझं काळं आहे."

"काका, तुम्ही रंग बघताय. यंत्र गाभा बघतं! आपल्या डोळ्यांना जे दिसत नाही ते त्याला दिसतं."

शिंपीकाकांनी दादांकडे पाहिलं. दादांनी भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे पाहिलं. "सत्त्याण्णव टक्के म्हणतंय, म्हणजे काहीतरी असेल," दादा म्हणाले. काका घाईत होते, कोट दुसऱ्या दिवशी द्यायचे होते. त्यांनी अडीचशे बटणं घेतली आणि मान हलवत निघून गेले.

तिसऱ्या दिवशी ते परत आले. या वेळी मान हलत नव्हती, मिशा हलत होत्या.

"हॉटेलचे मालक म्हणतात, मी वाढपी मागवले होते, आरमार नाही! काल एका पाहुण्याने वाढप्याला सलाम ठोकला! दुसऱ्याने विचारलं, कप्तानसाहेब, आपण कुठल्या बंदरावर चाललोय?"

वहिनी दुकानातच होत्या. त्यांनी झाला प्रकार शांतपणे ऐकून घेतला. मग काकांचं काळं बटण घेतलं, तळहातावर ठेवलं, वळल्या आणि बत्तीस नंबरचा खण ओढला. आत तीच बटणं, काळी, चार भोकांची.

"भावजी, आता माझ्या हातावरचं यंत्राला दाखवा बरं."

इंजिनिअरने दाखवलं. "खण बत्तीस! अठ्ठ्याण्णव टक्के! बघा, मी म्हणत नव्हतो?"

"आता काकांच्या हातावर."

"तीनशे पाच."

"धाकटे, तू घे."

"खण एकशे अठ्ठ्याऐंशी," इंजिनिअरचा आवाज जरा खाली आला. "गुलाबी. बदकाचं."

बटण तेच होतं. वहिनींनी पुन्हा हात पुढे केला, या वेळी रिकामा. तळहातावर काहीच नव्हतं. "आता काढा फोटो."

"वहिनी, रिकाम्या हाताचा काय फोटो काढायचा?"

"काढा तर."

त्याने काढला. यंत्राने क्षणभर विचार केला.

"खण बत्तीस," इंजिनिअरने वाचलं. "खात्री... नव्व्याण्णव टक्के."

"बटण काढल्यावर खात्री वाढली!" धाकटी म्हणाली आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेना. शिंपीकाकाही राग विसरून पोट धरून हसायला लागले.

झालं होतं असं, की फोटोत बटण एवढंसं आणि हात केवढा तरी. यंत्र बिचारं जे मोठं दिसलं ते शिकलं, हात कुणाचा, कसा धरलेला, उजेड कसा पडलेला. वहिनींचा पिवळा स्वेटर आणि सुरकुतलेला अंगठा दिसला की कोटाचं बटण. धाकटीचं नखांचं पॉलिश दिसलं की बदक. दादांचं जाडजूड मनगट आणि घड्याळ दिसलं की पितळ, आणि काकांचं मनगट, घड्याळासकट, हुबेहूब दादांसारखं! परीक्षा म्हणाल, तर ती त्याच हातांच्या त्याच फोटोंवर घेतलेली, म्हणजे पेपर आधीच फुटलेला. इतका मेहनती आणि इतका बिनकामाचा विद्यार्थी दुसरा सापडायचा नाही.

शिंपीकाका खरी बटणं घेऊन गेले. वहिनींनी पर्समधून तिकीट काढलं आणि काउंटरवर ठेवलं.

"हे परत करून या भावजी. रागावून नाही म्हणत. तुम्ही माझ्यासाठी धडपडलात, ते मला कळतं. पण दुकान असं टाकून माझा पाय निघायचा नाही. तिला मी फोनवर समजावेन."

इंजिनिअरला फार वाईट वाटलं. आजवर त्याचे बरेच बेत फसले होते, पण त्यापायी कुणाचं जाणं राहिलं नव्हतं. त्याने तिकीट उचललं आणि पुन्हा वहिनींच्या पर्समध्ये घातलं.

"अजून आठ दिवस आहेत. चूक कुठे झाली ते कळलंय. सगळे फोटो पुन्हा काढू!"

"सगळे?" दादांनी विचारलं. दादा सहसा प्रश्न विचारत नाहीत.

"सगळे. हात दिसता कामा नये."

मग रोज दुपारी दुकान बंद असायचं तेव्हा कामाला सुरुवात झाली. खिडकीपाशी राखाडी कापड अंथरलं. कुणाचं खातं ठरलेलं नाही, प्रत्येकाने प्रत्येक रांगेतले खण हाताळायचे. दादांनी बदकं मांडली, धाकटीने पितळ मांडलं. एकाच्या हातून खणांची सरमिसळ झाली की दुसरा ओरडायचा, "अहो, हे इथलं नाही, ते खालच्या रांगेतलं, कडा जाड असलेलं!" वहिनी मधूनमधून एखादी खूण सांगायच्या, की मागून गुळगुळीत असेल तर सातवी रांग, मागे कंगोरा असेल तर आठवी. इंजिनिअर खुर्चीतून हुकूम सोडत होता. "पुढचं! सरळ ठेवा! पुढचं!" त्याने स्वतः एकाही बटणाला हात लावला नाही, कारण शास्त्रीय काम करणाऱ्याने लक्ष विचलित होऊ द्यायचं नसतं.

सातव्या दिवशी परीक्षा झाली. या वेळी प्रामाणिकपणे, गिऱ्हाइकांनी आणलेल्या बटणांवर.

"चौसष्ट टक्के," इंजिनिअर म्हणाला. एवढंच म्हणाला.

वहिनींनी मान डोलावली. त्यांनी काही बोलायच्या आत एक गिऱ्हाईक आलं, रेनकोटाचं तपकिरी बटण घेऊन. इंजिनिअरने फोटो काढला. यंत्र विचार करत होतं. तेवढ्यात दादांनी ते बटण उलटं करून पाहिलं, वळले, आणि आठव्या रांगेतला खण ओढला. तेच बटण!

दादा स्वतःच खणाकडे बघत राहिले. "मला कसं कळलं?"

"मागे कंगोरा आहे ना," धाकटी म्हणाली. "मलाही कळलं होतं, तुम्ही आधी पोहोचलात."

एकेक खण दोन-दोनदा उपसून, मांडून, पुसून, भरून त्या दोघांना अख्खं कपाट पाठ झालं होतं. वहिनींनी आणखी चार बटणं पुढे टाकून पाहिली. चारही सापडली. त्यांनी डोळे पुसले, पर्स उचलली आणि बॅग भरायला घरी गेल्या. यंत्राचं उत्तर त्यानंतर आलं. ते बरोबर होतं, पण ऐकायला कुणी थांबलं नव्हतं.

वहिनी वेळेवर पोहोचल्या. मुलगी झाली. महिनाभर दुकान बिनघोर चाललं, फोनवर बटणांचं नावसुद्धा कुणी काढलं नाही.

मग एका सकाळी दादा दाढ काढायला गेले, धाकटी बँकेत गेली आणि इंजिनिअर दुकानात एकटा उरला. आणि तेव्हाच लहान मुलांचे कपडे शिवणाऱ्या एक आजी आल्या. हातात पांढरं, अगदी बारीक बटण.

"बसा आजी, दोन सेकंद!" इंजिनिअरने ते राखाडी कापडावर ठेवून फोटो काढला. यंत्राने पाच खण सुचवले. त्याने पाचही उघडले. एकातही नव्हतं. मग शेजारचे उघडले. मग खालचे. अर्ध्या तासात काउंटरवर चोवीस खण रचले गेले आणि इंजिनिअर त्यांच्या मागे दिसेनासा झाला.

"मी आत येऊ का?" आजींनी विचारलं.

उत्तराची वाट न बघता त्या काउंटरची फळी उचलून आत आल्या, कपाटाच्या कोपऱ्यातला खालून तिसरा खण ओढला आणि डझनभर बटणं मोजून घेतली. "अठरा वर्षं इथेच असतात," त्या म्हणाल्या.

एवढ्यात फोन वाजला. वहिनी होत्या.

"भावजी, एक विचारायचं होतं. बाळ रात्रीचं झोपत नाही, लेक म्हणतेय अजून पंधरा दिवस राहा. माझंही मन निघत नाहीये. पण दुकानाचं काय? खरं सांगा हं."

"राहा की वहिनी! इथे सगळं झकास चाललंय."

"बटणं सापडताहेत?"

"हे काय, आत्ताच एक सापडलं!"

"कुणाला?"

इंजिनिअरने यंत्राकडे पाहिलं, चोवीस खणांकडे पाहिलं. वहिनींनी खरं सांगायला सांगितलं होतं.

"गिऱ्हाइकाला," तो म्हणाला.

पलीकडे वहिनींनी निश्चिंतपणे श्वास सोडला.

"गिऱ्हाईक परत नाही ना गेलं? मग राहते," त्या म्हणाल्या.