नव्वद दिवसांची चावी

देश बिघडतो तो चर्चेने आणि सुधारतो तो गप्प बसल्याने, हे इतिहासाने पुन्हापुन्हा सिद्ध केलं आहे. स्पेनमध्ये १९२३ साली एका सेनापतीने 'फक्त नव्वद दिवस' म्हणून राज्य हाती घेतलं आणि सहा वर्षांहून अधिक चालवलं. (तिकडचे दिवस मोठे असावेत.)

वेल्हे तालुक्यातल्या आमच्या वाडीला स्पेनचा काही उपयोग असतो हे परवापरवापर्यंत ठाऊक नव्हतं. मग पलटणीतून निवृत्त झालेल्या सुभेदार सावळारामांनी भोरच्या वाचनालयातून त्या राजवटीवरचं पुस्तक आणलं. निम्मं वाचून झालं आणि परत करायची तारीख आली. शिस्तीचा माणूस! पुस्तक वेळेवर परत केलं आणि वाचलं तेवढं लगेच अमलात आणलं.

नळाच्या टाकीची चावी तेव्हा सात जणांच्या पाणी समितीकडे होती. समितीच्या एकोणीस सभा झाल्या. अठरा कोरमअभावी तहकूब आणि एकोणिसावी, चावी सापडेना म्हणून. सुभेदारांनी चावी शोधली (ती व्हॉल्व्हलाच होती) आणि खिशात घातली.

"फकस्त नव्वद दिस," ते म्हणाले. "घडी बसली की मी मोकळा."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाच्या ठोक्याला पाणी. आमच्या खालच्या आळीला भरून आलं. मग रांगेत बोलायला मनाई झाली, हंडे उंचीप्रमाणे लागले आणि पाण्याची तक्रार ही अफवा ठरली. समिती बरखास्त होऊन सात जणांचं सल्लागार मंडळ आलं. (त्यात मीही आहे. सल्ला कोणी मागत नाही, त्यामुळे काम हलकं आहे.) वर्षभरात अफवा त्र्याऐंशी टक्क्यांनी घटल्या. उरलेल्या सतरा टक्के एकट्या सखूबाई पसरवत.

सखूबाई वरच्या आळीतल्या. वय बासष्ट, गुडघे त्याहून जुने. वरच्या आळीची पाळी पावणेसातला आणि टाकी रिकामी होते साडेसहाला. (वेळापत्रकात चूक नाही, टाकीत असेल.) त्या रोज ओढ्यावरून दोन हंडे चढवतात.

"नळाला नुसतं वारं येतंय, सुभेदार. वारं प्यायचं का म्या?"

अफवा क्रमांक चाळीस.

नव्वद दिवसांना चौदा महिने झाले, तेव्हा सखूबाईंची नात शेफाली, जी भोरला कॉलेजात आहे, तिने तेच पुस्तक आणून ग्रामसभेत उरलेलं निम्मं वाचून दाखवलं. शेवटी सेनापतीने आपल्याच अधिकाऱ्यांना विचारलं, मी हवा आहे का? उत्तरं गुळमुळीत आली आणि तो पायउतार झाला.

सुभेदार पुस्तकाबाहेर जाणारे नव्हेत. तिथल्या तिथे उठून मंडळाकडे वळले.

"सांगा. ऱ्हाऊ का जाऊ?"

सखूबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुमी तरी बोला, गेनबा भावजी. रोज बघताय की मला."

रोज बघतो हे खरंच आहे. ओढ्याची वाट माझ्या नळासमोरूनच जाते. फार वाईट वाटतं. कधीकधी तर नळ बंद करायचं भान राहत नाही.

'राहा' म्हणून पहिला हात माझा वर गेला. मागोमाग सहा. सखूबाई हंडे घेऊन ओढ्याकडे निघाल्या.

आता तुम्ही मला नावं ठेवाल, खुशाल ठेवा. मला निदान त्यांचं नाव माहीत आहे. तुमच्या दारावरून रोज हंडा घेऊन जाते, तिचं नाव काय?