आवडाबाईने कोतवालीचा उतरता रथ घेतला त्याची हकीकत

श्री. चालत्यास वाट लाभो, थांबलेल्यास धीर लाभो. शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सरे, माघमासी एके थोर राज्यात कोतवालीचे जुने रथ लिलावास निघाले. रथ म्हणजे घोड्यांचे नव्हेत. डिझेल पिणारे, चारचाकी, माथ्यावर दिवा मिरविणारे. राज्याचा दंडक ऐसा की, रथ थकला म्हणजे दिवा उतरवावा, भोंगा काढावा, अक्षरांवर रंग फासावा आणि जो चढी बोली बोलेल त्याचे गळ्यात बांधावा. त्या लिलावास आवडाबाई थोरवत नामे विधवा बाई आली. तिचे यजमान बाजीबा थोरवत हे यापैकी एका रथाचे सारथी होते. माणूस नेकीचा, परंतु चाकरी ऐसी की कोतवालसाहेबांची हाक केव्हा येईल याचा नेम नाही, सबब रथ सोडून हलू नये. त्यात रथाचा स्टार्टर कुचका. एकदा बंद पडला तर चार शिपाई ढकलण्यास लागत. म्हणोन बाजीबा इंजिन बंद म्हणोन करीत नसत. दुपारी गस्तीचे वाटेवर घरापुढे रथ उभा करीत, रथ धडधडत राही, आणि बाई ताट घेऊन बाहेर येई, आणि बाजीबा जागचे न उठता तेथेच जेवीत, आणि बाई खिडकीशी तांब्या धरोन उभी राही. जेवण जाहले म्हणजे ते हात खिडकीबाहेर काढीत, बाई पाणी घाली, मग रथ निघोन जाई. उभयतांचा संसार जो काही जाहला तो त्या धडधडीतच जाहला. बाई कधी म्हणे, "मला बी बसवा की एकदा गाडीत." तो बाजीबा म्हणत, "सरकारी हाय गं ती. पेन्शनीत जाऊ दे, मग तुला गाडीत घालून समिंदर दावतो." पेन्शन दोन वर्षांवर आली असता बाजीबांस काविळीने नेले. रथ राहिला, सारथी गेला. त्या दिवसापासोन दुपार जाहली की बाईचे कान रस्त्याकडे लागत, आणि जेवण घशाखाली उतरेना.

लिलावाचे मैदानी बाईचा दीर सयाजी संगे होता. जुन्या गाड्यांचे खरेदी-विक्रीत त्याचे केस पिकले होते. त्याने हात जोडिले आणि बोलिला, "वैनी, पोलिसाची गाडी घेऊ नगा. मीटर बघून मानूस भुलतंय. मीटर चाललेलं मोजतो, हुबं ऱ्हायलेलं मोजत न्हाई. ह्या गाड्या बंदोबस्ताला दिसदिसभर हुब्या जळत्यात. वरनं नवरी दिसंल, इंजान आतनं खाल्लेलं. टपाला दिव्याची भोकं, वायरी तोडलेल्या, आन् मागचं दार आतनं उघडत न्हाई, चोर पळू नये म्हून. भाकड म्हस गाभण म्हून इकत्यात तसलाच ह्यो बाजार." बाईने सर्व ऐकोन घेतले, आणि सारथ्याची गादी डावे अंगास खचली होती ती खिडकीतून हात घालोन चाचपिली, आणि म्हणाली, "भावजी, बोली लावा." मग हातच्या पाटल्या मोडोन रथ घरी आणिला. मिस्त्री म्हणाला, गादी बदलू. बाई म्हणाली, गादीला हात लावशील तर बघ. दिराने कपाळास हात लाविला. परंतु वहिनीपुढे त्याचे कधी चालले होते?

मग शुभ दिवस पाहोन समुद्राकडे कूच जाहले. सयाजी सारथ्य करू लागला, आणि दिराशेजारी बसणे रीतीस धरोन नाही म्हणोन बाई मागे जाळीआड बसली. तेथोन पुढे जो प्रकार जाहला तो काय वर्णावा! रंग पातळ, उन्हाचे तिरिपीस खालील जुनी अक्षरे उमटोन दिसत. रथ गावात शिरता पत्ते कुटणारे उसात शिरले, आणि दारूचे गुत्तेवाल्याने पिंप विहिरीत ओतिले, आणि एक म्हातारा काठी टेकीत धावत येवोन म्हणाला, "सायेब, बोकड गेलंय माजं, लिवून घ्या." सयाजीने नाना शपथा वाहिल्या, म्हातारा ऐकेना. चहाचे टपरीवर रथ थांबला तो टपरीवालीने जाळीआडची बाई पाहिली, आणि तिचे काळीज कळवळले. खिडकीतून चहा देवोन हळूच पुसिले, "सासूला मारलंस काय गं बाई?" आवडाबाई म्हणाली, "न्हाई गं. नवऱ्याच्या गाडीत बसलेय." आणि चहा पिता पिता जाळीतून समोरचे खचले गादीकडे पाहत राहिली. तेथे दीर बसला होता, त्याचा तिला राग आला, आणि रागाची लाजही वाटली.

पुढे पहिला घाट लागला. चढणीस रथाने धाप टाकिली, वाफेचा लोट उठला आणि वळणावर रथ बसला. सयाजीने मागील दार उघडोन बाईस उतरविले, आणि जवळचे गॅरेजातोन मिस्त्री आणिला. त्याने झाकण उघडोन पाहिले, आणि कपाळास आठी घालोन बोलिला, "इंजान गेलं. धक्का मारून एक डाव चालू व्हईल, मग बंद पडलं का कायमचं. घाट तर उतरूच नगा. अवो, ही गाडी चालून मेली न्हाई, थांबून मेली. कोण येडा रोजच्या रोज हुबी करून चालू ठेवीत हुता?"

आवडाबाईचे डोळा पाणी आले. ती म्हणाली, "आमचं मालक. दारात जेवायला थांबायचं."

सयाजी खाकरोन म्हणाला, "वैनी, हिला हितंच भंगारात देऊ. समिंदर एका घाटावर ऱ्हायलाय, यष्टीनं जाऊ. दादाचा शबूद पुरा हुईल." बाई बोलली, "समिंदर कुठं जातुय? त्यो हाय तिथंच. ह्यो आवाज मातुर जाईल. भावजी, एक डाव चालू करा, आन् खाली उतरा."

मग वाटेवरची माणसे धक्क्यास लागली आणि रथ धडधडू लागला. तोच आवाज. सयाजी उतरोन दूर जावोन पाठमोरा उभा राहिला. बाईने शिदोरी सोडिली, भाकरी आणि पिठले ताटलीत वाढिले, ताटली खचले गादीवर ठेविली, आणि आपण खिडकीशी तांब्या धरोन उभी राहिली. काय बोलली ते धडधडीत कोणास ऐकू आले नाही. बरेच बोलली. मग रथाने दोन आचके दिले आणि तो निवाला. बाईने नित्याप्रमाणे खिडकीखाली तांब्या कलता करोन हातावर घालावे तैसे पाणी घातले, आणि जमीन ते प्याली.

सारांश, कोतवालीचा उतरता रथ घेऊ नये हे सयाजीचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. बाईचे सोने गेले, रथ गेला, समुद्र अद्याप पाहणे आहे. परंतु त्या दिवशी घाटात आवडाबाई पोटभर जेवली. इतके जाहले, ते लिहिले.