डोंगर आडवा पडला

पेपर वाचत असताना बायकोला ‘हो’ म्हणू नये, एवढी साधी गोष्ट मला लग्नाआधी कोणी सांगितली नाही. सांगितली असती तरी मी पेपर वाचत असल्यामुळे ती ऐकली नसती म्हणा.

“अहो, धाकटा आठवडाभर परगावी चाललाय,” ही म्हणाली. धाकटा म्हणजे हिचा भाऊ, माझा एकुलता एक मेहुणा. “त्याचा कुत्रा आपल्याकडे ठेवू का, म्हणतोय.”

डोक्यावर पंखा घरघरत होता. मी ‘कूलर’ ऐकलं. (उकाडा असा होता की त्या दिवसांत कोणी काहीही बोललं तरी मला कूलरच ऐकू यायचा.)

“ठेवू की! यात विचारायचं काय?”

“तुम्हाला चालेल?”

“चालेल? अगं, धावेल! चांगला मोठा आहे ना?”

“खूपच मोठा आहे हो.”

“मग झालं तर. खिडकीजवळ ठेवू. आवाज करतो का फार?”

“छे! झोपल्यावर थोडी घरघर, तेवढीच.”

“तेवढी चालायचीच. पाणी किती लागतं?”

“बादलीभर तरी लागतं.”

“मी स्वतः भरीन!” मी पेपर खाली ठेवून म्हणालो.

हिचे डोळे भरून आले. “तुम्ही इतके बदलाल असं वाटलं नव्हतं,” म्हणाली आणि न मागता चहा टाकला. बायको न मागता चहा टाकते तेव्हा शहाण्या माणसानं चौकशी करावी. मी फक्त साखर कमी आहे एवढंच म्हणालो.

हिला इतकं भरून येण्याचं कारण आता सांगायला हवं. आमच्या वस्तीत मी कुत्र्यांचा जाहीर शत्रू होतो.

आमच्या इमारतींच्या मधोमध एक बाग आहे. बाग म्हणजे एक घसरगुंडी, दोन झोके, चार बाकं आणि रुमालाएवढी हिरवळ. त्या रुमालावर मुलंही हवी होती आणि कुत्रीही. मुलांच्या बाजूच्या पुढारी होत्या दातांच्या डॉक्टरीणबाई. वर्षापूर्वी एका उनाड कुत्र्यानं त्यांच्या छोटीला धडक देऊन पाडलं होतं. तेव्हापासून ती पोर हिरवळीवर पाऊल टाकत नसे. बागेत यायची, घसरगुंडीच्या वरच्या पायरीवर बसायची आणि दुसऱ्यांचा खेळ बघायची. तिला तसं बघून आईचं काळीज तुटायचं आणि मग त्यांचा आवाज चढायचा. (त्यांच्यासमोर तोंड उघडायची आम्हां सगळ्यांना सवयच असल्यामुळे विरोध करायचं भान राहत नसे.)

दुसऱ्या बाजूला कॅप्टन. ते बोटीवरून निवृत्त झालेले, आणि त्यांचा कुत्रा इतका लहान की तो खिशातून खाली पडला असावा असं वाटे. “आमच्या कुत्र्यांनी जायचं कुठे?” ते गरजायचे. “रस्त्यावर गाड्या, गच्चीवर शेजारी! आणि तुमची पोरं शेपट्या ओढतात ते?”

मी एका मुलीचा बाप, म्हणून डॉक्टरीणबाईंच्या बाजूचा. खरं कारण वेगळं होतं. लहानपणापासून मी कुत्र्याला भितो. पण भित्र्या माणसाला एकदा तत्त्व सापडलं की त्याचा आवाज भलताच मोठा होतो. गेल्या बैठकीत मी बाकावर चढून ओरडलो होतो, “या हिरवळीवर एक तर कुत्री राहतील, नाही तर आमची पोरं!” टाळ्या पडल्या. मी जमीन मोजणीच्या कार्यालयात कारकून आहे, हे कोणालातरी आठवलं आणि हिरवळीची वाटणी माझ्याच गळ्यात आली. मी टेप लावून, दोरी ताणून मधोमध पांढऱ्या फक्कीची रेघ मारली. अलीकडे मुलं, पलीकडे कुत्री.

रेघ झकास होती. फक्त चेंडूला ती दिसत नसे आणि कुत्र्यांना वाचता येत नसे. दोन दिवसांत भांडण दुप्पट झालं. शेवटी बागखात्याच्या साहेबांचा निरोप आला, की मी जातीनं येऊन बघतो, आणि तंटा मिटलेला नसला तर फाटकाला कुलूप. मग बसा दोघंही घरी.

अशा वेळी माझ्या घरी कूलर आला.

बेल वाजली, मी दार उघडलं आणि दारातला उजेड गेला. समोर एक राखाडी वासरू उभं होतं. वासराच्या मागे कुठेतरी मेहुणा असावा, कारण “भाऊजी, किती उपकार हो तुमचे!” असं ऐकू आलं. मी ज्याला पायपुसणं समजलो तो त्याचा पंजा होता. त्याचं डोकं आमच्या जेवणाच्या टेबलाला आरामात टेकत होतं आणि त्या डोक्यात दोन डोळे होते, पिंगट, ओलसर, फार जुने. देवळाच्या उंच दारात गेल्यावर आपोआप आवाज खाली येतो ना, तसं काहीतरी मला झालं. ओरडायला उघडलेलं तोंड मी तसंच मिटलं.

“बाबा, हा डोंगर आहे,” माझी मुलगी कुजबुजली. त्याचं खरं नाव काहीतरी इंग्रजी, लांबलचक होतं. ते त्या क्षणी रद्द झालं.

मी हिला स्वयंपाकघरात ओढलं. “अगं, मी कूलरला हो म्हटलं होतं!”

“कोणता कूलर?” ही म्हणाली. मग तिला सगळं कळलं आणि ती ओट्याला धरून इतकी हसली की डोंगर काळजीनं आत बघायला आला. मी फ्रिज आणि भिंत यांच्यामध्ये एरवी झाडू राहतो तिथे शिरलो.

तीन दिवस हीच त्याला पहाटे कालव्याकडे फिरवून आणत होती, कोणाला दिसू नये म्हणून. चौथ्या दिवशी संध्याकाळी हिचा फोन आला, ऑफिसात अडकलेय. इकडे डोंगर दारापाशी उभा. त्यानं दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग आमच्या नव्या सतरंजीकडे पाहिलं. भुंकला नाही, काही नाही. पण इतकी स्पष्ट नोटीस मला आमच्या साहेबांनीही कधी दिलेली नाही.

“बाबा, मी येते सोबत,” मुलगी म्हणाली. बागखात्याचे साहेब बागेत दुसऱ्या दिवशी यायचे होते, तेव्हा आज तिथे फारसं कोणी नसणार. झाडांच्या मागून एक चक्कर मारायची आणि परत, असं ठरवलं.

साहेब एक दिवस आधीच आले होते. (सरकारी माणूस ठरल्या दिवसाआधी येतो यावर माझा विश्वास नव्हता. मी स्वतः सरकारी माणूस आहे.) फाटकातून आत शिरतो तर हिरवळीच्या एका बाजूला सगळे आईबाप, दुसऱ्या बाजूला सगळे कुत्रेवाले, मध्ये माझी रेघ आणि रेघेवर कपाळाला हात लावलेले साहेब.

मी मागे वळलो. डोंगर वळला नाही. त्याला मुलांचे आवाज आले होते. तो निघाला आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला मीही निघालो. माझं चालणं आणि त्याचं चालणं यात माझा काही संबंध उरला नव्हता. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं म्हणतात. मी धरलं होतं आणि मीच पळत होतो.

“अय्या! हे तर आपले—” कोणीतरी किंचाळलं.

“गद्दार!” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“शाबास!” कॅप्टन म्हणाले. मला पहिलंच जास्त बरं वाटलं.

मुलं भराभर घसरगुंडीवर चढली. कॅप्टनचा खिशातला कुत्रा कॅप्टनच्या खांद्यावर चढला. माझी पाचावर धारण बसली होती, तोंडातून “अहो, कूलर... कूलर...” एवढंच निघत होतं. आणि नेमका तेव्हा, रेघेच्या बरोबर मधोमध, डोंगर थांबला. एकदा मागे वळून बघितलं त्यानं. मग आधी पुढचे पाय, मग मागचे, असा सावकाश खाली बसला आणि आडवा पडला. अर्धा मुलांच्या हद्दीत, अर्धा कुत्र्यांच्या.

मी ओढलं. कॅप्टननी ओढलं. साहेबांनीसुद्धा कोट काढून हात लावला. मोजणीचा दगड एक वेळ हलेल, पण तो हलला नाही.

“हा कोणाच्या बाजूला आहे?” साहेबांनी विचारलं.

मग काय! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बघा, कुत्री आमच्या हद्दीत येतात. कॅप्टन म्हणाले, शेपटी आमच्या हद्दीत आहे, मालकी शेपटीवरून ठरते. आवाज चढले. साहेबांनी खिशातून कुलूप बाहेर काढलं. मला ते दिसलं. उद्यापासून माझी मुलगी जिन्यात खेळणार, आणि कारण कोण, तर मी.

“बाबा,” मुलीनं माझा हात दाबला. “ती बघा.”

डॉक्टरीणबाईंची छोटी घसरगुंडीवरून उतरली होती. हिरवळीच्या काठावर बूट टेकवून उभी होती. वर्षभरात पहिल्यांदा. आईची पाठ होती, तिला काही दिसलं नाही.

डोंगरला दिसलं. मी शेजारीच होतो, म्हणून शपथेवर सांगतो. त्यानं तिच्याकडे क्षणभरच पाहिलं आणि मग ते एवढं मोठं डोकं जमिनीला सपाट टेकवून तोंड दुसरीकडे वळवलं. मी तुझ्याकडे बघतसुद्धा नाही, असं.

छोटीनं एक पाऊल टाकलं, मग थांबली. तिची छाती वरखाली होताना मला दिसत होती. डोंगरनं डोळे मिटले.

आणखी एक पाऊल. आमच्यातले एकेक जण बोलता बोलता थांबत गेले. डॉक्टरीणबाई “आमच्या पोरांनी किती दिवस—” म्हणत वळल्या आणि वाक्य तिथेच राहिलं. त्या धावणार होत्या, पण कॅप्टननी त्यांच्या बाहीला हलकेच बोट लावलं. रागानं नाही. देवघरात कोणी ध्यानाला बसलं असताना आपण एकमेकांना खुणावतो तसं.

पोर आली. हातभर अंतरावर बसली. गवत उपटत राहिली. एवढं मोठं जनावर, मनात आणलं असतं तर आम्हां सगळ्यांना लोळवलं असतं, पण कानसुद्धा हलवत नव्हतं. एक माशी त्याच्या नाकावर बसली, चालली, फिरली. त्यानं तिलाही चालू दिलं. मग छोटीनं एक बोट पुढे केलं आणि त्याच्या पाठीला लावलं. मग तळवा ठेवला. मग गाल.

“आई,” ती म्हणाली, “याच्या आत धडधड होतेय. माझ्यासारखीच.”

मी आजवर पुष्कळ जमिनी मोजल्या. एवढ्याशा जागेत एवढं मोठं काही मावलेलं मी पाहिलं नव्हतं. डॉक्टरीणबाई खाली बसल्या आणि तोंडावर पदर धरून रडल्या. कॅप्टन उगीचच आकाशात ढग शोधत होते. घसरगुंडीवरून मुलं एकेक करून उतरली, आणि कोणी न सांगता, एरवी बोंबलणारी ती पोरं चवड्यांवर चालत आली.

साहेबांनी कुलूप खिशात परत घातलं. “आता तुम्हीच सांगा,” ते म्हणाले.

पहिल्यांदा बोलल्या डॉक्टरीणबाईच. “सकाळी शाळेच्या वेळात मुलं नसतातच. तेव्हा कुत्री मोकळी सोडा. संध्याकाळी मुलांची. आणि रविवारी...” त्यांनी लेकीकडे बघितलं. “रविवारी दोघांची. पट्टा बांधून.”

“आणि घाण ज्याच्या कुत्र्याची, त्यानं उचलायची,” कॅप्टन म्हणाले. “माझ्यापासून सुरुवात. मुलांना शेपटीपासून लांब राहायचं मी शिकवतो.”

माझी रेघ मुलांनीच पायांनी पुसून टाकली. ती अजून इंचभरही चुकलेली नव्हती, पण कोणी विचारलं नाही.

त्या आठवड्यात मी वस्तीतला मोठा माणूस झालो. लोक विचारायचे, एवढं जनावर तुमचं ऐकतं कसं हो? मी म्हणायचो, “धाक लागतो. आवाजात जरब लागते.” हळूहळू मलाही ते खरं वाटायला लागलं.

मेहुणा न्यायला आला तेव्हा चहा घेता घेता मी त्याला सगळी हकिगत सांगितली, जरबेसकट.

“भाऊजी, ही त्याची पिल्लू असल्यापासूनची खोड आहे,” तो म्हणाला. “जवळचं कोणी फार घाबरलं ना, की तो आडवा पडतो. ते शांत होईपर्यंत काही केल्या उठत नाही.”

“तेच तर!” मी म्हणालो. “ती पोर इतकी घाबरली होती, इतकी घाबरली होती की...”

“पण मामा,” माझी मुलगी म्हणाली, “तो पडला तेव्हा ती तर लांब घसरगुंडीवर होती.”

“मग जवळ कोण होतं?”

ही पदर तोंडात कोंबून खिडकीतून बाहेर बघू लागली. मी बिस्किट चहात बुडवलं आणि ते तळापर्यंत जाऊ दिलं.

माझ्या लेकीनं माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग ती अलगद जमिनीवर बसली, तोंड दुसरीकडे वळवलं आणि डोळे मिटून घेतले.

“या बाबा,” ती म्हणाली. “सावकाश.”