सम्राटाचं पाणी

रामटेके काकांच्या घरात पाऊल टाकलं की आधी बूट काढायचे आणि मग एक कप गरम खारट पाणी प्यायचं. चहा, पोहे, गप्पा, सगळं त्यानंतर. कप चिनी मातीचा, त्यावर भरघोस कल्ल्यांच्या एका सम्राटाचं चित्र. आपण कप उचलला की काका समोर उभे राहतात आणि ट्रॅफिक पोलिसासारखा हात वर करून बजावतात, "तोंड लावून! वरून नाही. तोंड लावून!"

अमेरिकेतल्या नेपरव्हिलमध्ये आमची घरं शेजारी-शेजारी. काका मूळचे नागपूरकडचे, वय चौऱ्याहत्तर. सगळी नोकरी इथल्या पाणी शुद्ध करण्याच्या प्लांटमध्ये झाली. रिटायर होईपर्यंत माणूस चांगला शहाणा होता, असं काकू सांगतात. पाच वर्षांपूर्वी दोघं युरोपच्या बस टूरला गेले आणि घात झाला.

आल्प्सच्या डोंगरात एक जुनं गाव आहे. तिथे जमिनीतून औषधी पाणी येतं, म्हणून पूर्वी सम्राट, राण्या, त्यांचे जावई-मेहुणे उन्हाळाभर तिथे तळ ठोकून असायचे. टूरवाल्यांनी त्या गावाला चाळीस मिनिटं दिली होती. बाकीची मंडळी चॉकलेट आणि बाथरूमच्या शोधात पांगली. काका सरळ पाण्याच्या हॉलमध्ये शिरले. उंच खांब, पितळी नळ, नळाशी पांढऱ्या एप्रनमधली बाई. काकांनी तिला विचारलं, हे पाणी कोणासाठी? "एनीबडी," ती म्हणाली. काकांनी तीनदा विचारलं, तिने तीनदा तेच सांगितलं. मग काका सहा कप प्यायले आणि त्यांची बस चुकली.

"सम्राटाचं पाणी, वैशाली! आणि एनीबडी!" हे मी इतक्यांदा ऐकलंय, की माझ्या मुलीलाही ते हातवाऱ्यांसकट पाठ आहे.

परत आल्यावर काकांनी तिथल्या बाटलीचं लेबल समोर ठेवलं आणि ते पाणी घरी बनवायला घेतलं. मीठ, खायचा सोडा, एप्सम सॉल्ट, एक मोठी बादली आणि प्लांटमधून निवृत्त होताना मिळालेलं, पाण्यातले क्षार मोजायचं मीटर. "चव एक्झॅक्ट मॅच आहे," ते म्हणतात. असेलही. घसा धरल्यावर आपण ज्याच्या गुळण्या करतो, तेच मला तरी लागतं.

पाण्यानंतर पंधरा मिनिटं फेऱ्या. हात मागे बांधून, संथ, कारण राजघराण्यातले लोक घाईने चालत नाहीत. एका जानेवारीत काका बाथरोब, स्नो बूट आणि पिसाची हॅट घालून बर्फात फेऱ्या मारत होते. कोणीतरी पोलिसांना कळवलं, की एक वृद्ध गृहस्थ वाट चुकलेत. मी धावत गेले, तर ऑफिसर काकांच्या दारात कप घेऊन उभा आणि काका त्याला सांगतायत, "लिप्स ऑन द कप, ऑफिसर!" मागून काकू मला म्हणाल्या, "ये, ये. महाराजांचा दरबार चालू आहे."

माझी मात्र त्या कपाशी पंचाईत व्हायची. मी पाणी वरून पिते. लहानपणापासूनची सवय. अर्धं पाणी स्वेटरमध्ये जायचं, काका चिडायचे. एकदा मी सहज म्हणाले, "काका, आमच्या घरी सगळे वरूनच पितात हो. उष्टं होत नाही ना." काकांनी माझ्या हातातून कप घेतला आणि बराच वेळ धूत बसले. मला वाटलं, त्यांचा नियम मोडला म्हणून फुगले असतील.

गेल्या वर्षी त्यांची आक्का इकडे येणार असं ठरलं. आक्का म्हणजे मोठी बहीण, वय ब्याऐंशी. आई लवकर गेल्यावर काकांना तिनेच वाढवलं. काकांचा प्लॅन पक्का होता. आधी आक्काला त्या आल्प्समधल्या गावी न्यायचं, त्या हॉलमध्ये, त्या नळावर तिला पाणी प्यायला लावायचं आणि मग अमेरिकेत आणायचं. सम्राटाच्या बंगल्यासमोरच्या हॉटेलात बाल्कनीची खोलीसुद्धा बुक झाली. अमेरिकेचा व्हिसा मिळाला, पण युरोपचा नाकारला गेला. कारण काही कळलं नाही.

"युरोपचं कॅन्सल केलं सगळं," काका दारात येऊन म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या हातात कप नव्हता. "या खेपेनंतर ती काही परत निघत नाही, वैशाली. गुडघे गेलेत. हे राहूनच जाणार."

दोन दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्या बेसमेंटमधून ठोकाठोकी ऐकू यायला लागली.

आक्का येऊन चार दिवस झाले, तेव्हा बेसमेंटचं उद्घाटन ठरलं. ट्रेडमिल, खोकी आणि जुना सोफा यांच्यावर पांढऱ्या चादरी टाकल्या होत्या, तो आल्प्स. वॉटर हीटरवर सम्राटाची तसबीर. स्पीकरवर बँड. काका बाथरोब आणि पिसाच्या हॅटमध्ये. काकू फोल्डिंग खुर्चीत, गळ्यात मोत्यांची माळ घालून, कारण त्या राणी. आणि कपडे धुण्याच्या सिंकमागे, पांढरा एप्रन बांधून, हातात जग घेतलेली मी.

आक्का एकेका पायरीवर बसत खाली उतरली. सुती लुगडं, वर काकांचं जाड जाकीट, पायात स्नीकर्स. तिने आल्प्स नीट बघितला. "एवढ्या चादरी काहून वाळत घातल्या रे?"

"डोंगर आहेत ते, आक्का. तिकडे जा. ती बाई पाणी देईल."

आक्का माझ्यासमोर आली. "तू कोनाची वो, पोरी?"

"मी शेजारची, आक्का. देशपांडे. पुण्याची."

आक्का हसली. मग दोन पावलं मागे सरकली, कमरेत वाकली आणि तिने माझ्यासमोर ओंजळ धरली.

क्षणभर मला काही उमगेना. कप तर तिच्या हाताशीच होता. मग एकदम उमगलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मी वरून पाणी ओतायची वाट बघत होती. तिच्या गावात माझ्यासारख्या आडनावांच्या दारात तिला पाणी असंच मिळालं होतं.

काकांनी बँड बंद केला. तिचे दोन्ही हात धरून सरळ केले, त्यांत कप ठेवला आणि मला भरायची खूण केली. मी कप भरला.

"आक्का," काका म्हणाले, "तोंड लावून."

आक्का स्वतःच्याच हातांवर रागावली. "मेले हात! इतके वर्षं झाले, तरी आपलंच खरं करतेत." मग तिने कपाला तोंड लावलं, एक घोट घेतला आणि तिचा चेहरा कसनुसा झाला. "असलं पानी प्यायचा तुझा राजा? यापेक्षा आपल्या पाटलाच्या विहिरीचं गोड होतं."

"तू कुठे प्यायलीस ते?"

"मी कुठे? तू प्यायलास. तापानं फणफणला होतास, पाच वर्षांचा. चोरून आनलं होतं लोटाभर."

"आणि मार खाल्लास."

"खाल्ला. पन तू उठून बसला ना?"

काकांचे डोळे वाहायला लागले. मीही रडत होते, ते लपवण्यात काही अर्थ नव्हता. आक्काने आमच्याकडे आळीपाळीने बघितलं आणि उरलेला कप माझ्यापुढे केला. "घे वो पोरी, तूही पी. मलाच काय शिक्षा?"

मी सवयीने कप उंच धरला. मग खाली आणला, आक्काने लावलं होतं तिथेच तोंड लावलं आणि सगळं पाणी संपवलं.

काकांनी बाथरोबच्या बाहीने डोळे पुसले, घड्याळ बघितलं आणि बँड परत चालू केला. "चला, फेऱ्या! पंधरा मिनिटं. घाई करायची नाही."

काका पुढे, काकू मोत्यांची माळ सावरत मागे आणि आक्का माझा दंड धरून. आम्ही चौघं हळूहळू आल्प्सला वळसा घालून चालायला लागलो.