कडुनिंबावरची पळी

नर धनेश गेला, हे नीळकंठरावांनी रविवारी सकाळी साऱ्या गल्लीला ओरडून सांगितलं.

"परवापासून फिरकला नाही! मादी ढोलीत उपाशी आहे!"

ढोली त्यांच्या टाउनशिपमधल्या क्वार्टरमागच्या कडुनिंबात होती. धनेशाची मादी अंडी घालायला आत शिरते आणि ढोलीचं तोंड लिंपून घेते. चोच निघेल एवढीच फट ठेवते. भरवायचं नरानं. त्यांच्या पत्नी शशिकलाबाई दर उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे बघायच्या. "एकदा पिल्लं उडताना दिसायला हवीत," म्हणायच्या. फाल्गुनात त्या गेल्या. मग नीळकंठरावांनी ते काम अंगावर घेतलं. बघायचं तर नीट, म्हणून दोन दिवसांपूर्वी थेट झाडाखाली खुर्ची टाकली. वर लाल छत्री!

आता मादी उपाशी म्हटल्यावर ते गप्प बसतात होय? जन्म फिटरकीत गेलेला! जाळी काढायच्या बांबूला त्यांनी शशिकलाबाईंची आमटीची पळी बांधली, उंबरं भरली आणि बांबू वर चढवला. पहिला घास शेजारच्या मंगलाबाईंच्या कुरडयांवर पडला. दुसरा मंगलाबाईंच्या यजमानांच्या टकलावर!

तिसऱ्या वेळी फटीतून चोच आली आणि तिनं पळीच धरली. सोडेना!

"काकाजी, छोड़ दो!" वॉचमन ओरडला.

"मी सोडून काय होणार? तिला सांग!"

दोरी तुटली. पळी उडून वरच्या बेचक्यात अडकली. नीळकंठराव खुर्चीवर, खुर्ची छत्रीवर!

मंगलाबाईंनी त्यांना उठवलं आणि समोरच्या पिंपळाकडे बोट दाखवलं. तिथे नर बसला होता, गळा उंबरांनी फुगलेला.

"भाऊजी, तुम्ही खुर्ची टाकल्यापासून तो तिथेच ताटकळलाय. आधी ती उचला!"

खुर्ची घरात गेली. नीळकंठराव खिडकीशी उभे राहिले. थोड्या वेळानं नर आला, पळीकडे तिरकं बघत एकेक उंबर गळ्यातून काढून फटीत भरवू लागला.

तेवढ्यात दार वाजलं. नीळकंठरावांनी नेहमीसारखं ते हात जाईल एवढंच उघडलं. फटीतून रोजचा जेवणाचा डबा आत आला.

"ती आत, तुम्हीही आत," बाहेरून मंगलाबाई म्हणाल्या. "तिची अंडी तरी आहेत. तुमचं काय?"

नीळकंठरावांनी दार सताड उघडलं. ओट्यावर मंगलाबाईंचे डबे घासून मांडलेले होते. रिकामा डबा परत द्यायचा नाही, ही शशिकलाबाईंची शिस्त. आणि यांना चहापलीकडे काही येत नव्हतं.

पिल्लं उडेपर्यंत पळी काही उतरवता येणार नाही. डबे मात्र काहीतरी शिजवून, भरून परत करायचे राहिलेत.