सहा हजार चिठ्ठ्या आणि मिसेस ट्रँटर

हॉरेस टिंडल यांच्या घरात गेले आठ महिने कुणी सरळ चाललं नव्हतं. चालायला जागाच नव्हती. जमिनीवर, जिन्याच्या पायऱ्यांवर, पियानोवर, पाहुण्यांच्या पलंगावर चिठ्ठ्यांचे एकशे सत्तेचाळीस ढीग मांडलेले होते, आणि ते सगळे मिळून एकच शब्द होता: सेट.

लडलोच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर टिंडल मास्तरांनी एका मोठ्या शब्दकोशाचं काम घरी घेतलं होतं. देशभरातले हौशी वाचक पुस्तकांतली वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवत. मास्तरांनी त्या अर्थाप्रमाणे लावायच्या. सूर्य मावळला की सेट, जेली थिजली की सेट, हाड बसवलं की सेट, सापळा लावला तरी सेट.

"एवढासा शब्द," मिल्ड्रेडबाई म्हणत, "आणि मला माझ्याच स्वयंपाकघरात उडी मारून जावं लागतं."

"अगं, पण शेवटचा ढीग बघ. कस्टर्डवर धरते ती साय, म्हणजे सेट! हा अर्थ आजवर कुठल्याच कोशात नाही. तीन परगण्यांतल्या तीन वाचकांनी पुरावे पाठवलेत. माझं नाव प्रस्तावनेत जाणार, लिहून ठेव."

"तीस वर्षं कस्टर्ड करतेय मी. सायीला साय म्हणतात."

ईस्टरच्या आदल्या गुरुवारी मुख्य संपादक डॉक्टर लॅडब्रुक स्वतः काम पाहायला येणार होते. ते व्यवस्थित नसेल, तर शब्द मास्तरांकडून काढून हियरफर्डच्या रेव्हरंड ब्लोर यांना देणार होते. ब्लोर या शब्दासाठी वर्षभर पत्रं लिहीत होते. मास्तरांना काळजी नव्हती. काम चोख होतं.

गुरुवारी सकाळी ते पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेले. मिल्ड्रेडबाई फुलं लावायला चर्चमध्ये गेल्या. दोघांच्याही एक गोष्ट ध्यानात आली नाही. धुणंवाल्या मिसेस ट्रँटर नेहमी सोमवारी यायच्या, तेव्हा मास्तर ढिगांवर पहारा देत बसत. पण येता सोमवार ईस्टरचा, सुट्टीचा. म्हणून त्या आजच आल्या.

मास्तरांनी दार उघडलं, तर जमीन लखलखत होती. पियानो मोकळा. जेवणाच्या टेबलावर धुण्याच्या फितीनं बांधलेले गठ्ठे ओळीनं मांडलेले.

"मिसेस ट्रँटर!" मास्तर ओरडले. "माझे सूर्य कुठे गेले? माझी हाडं?"

"सूर्य नि हाडं मला ठाऊक नाहीत, मास्तर. एकेका ढिगात दहा-दहा घरांचा माल कोंबला होता तुम्ही! मी ज्याचं त्याचं वेगळं केलं. बेचाळीस घरं निघाली."

"पण तुम्हाला तर वाचता येत नाही!"

"अहो, उशीचे अभ्रे काय वाचून लावते होय? ज्याचा त्याचा हात ओळखू येतो."

डॉक्टर लॅडब्रुक टोपी न काढताच खुर्चीत बसले. "सहा हजार चिठ्ठ्या," ते पुटपुटले. "हस्ताक्षराप्रमाणे लावल्या. टिंडल, मला वाईट वाटतंय. पण आता ब्लोरसाहेबांना तार करावी लागेल."

मास्तरांनी मान खाली घातली. मिसेस ट्रँटर मात्र बाह्या सावरत पुढे आल्या.

"तार-बिर मागनं करा, साहेब. आधी ह्या गठ्ठ्याकडं बघा. हा माणूस लबाड आहे. कधी हिरवी शाई, कधी जांभळी, कधी काळी. पण कोपरा दुमडायची खोड तीच, आणि शेवटच्या अक्षराची शेपटी बघा कशी उडते. आमच्याकडं पण असाच एक होता. दोन घरांतून दोन नावांनी शर्ट यायचे, गळ्याचं माप एकच! शेवटी दोन्ही बायकांना मीच सांगितलं."

डॉक्टरांनी फीत सोडली. केंटच्या मिस पिम, यॉर्कचे कॅप्टन रज, डेव्हनचे मिस्टर स्नेल. मास्तरांनी नावं वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला. कस्टर्डचे तिन्ही साक्षीदार हेच!

"या तिघांची पुस्तकं आम्ही दोन वर्षं शोधतोय," डॉक्टर म्हणाले. "एकही सापडलं नाही." मग काहीतरी आठवून त्यांनी खिशातून एक पत्र काढलं आणि गठ्ठ्याशेजारी ठेवलं. कोपरा दुमडलेला होता. शेपटी उडालेली होती. खाली सही होती, रेव्हरंड सेप्टिमस ब्लोर.

"म्हणजे खोटा अर्थ तुमच्या गळ्यात मारून शब्द पळवायचा बेत होता," डॉक्टर म्हणाले.

"कस्टर्ड गेलं," मास्तर म्हणाले.

मिल्ड्रेडबाई नुकत्याच आत आल्या होत्या. "सांगत होते मी," त्या म्हणाल्या.

शब्द मास्तरांकडेच राहिला. एकशे सेहेचाळीस ढीग पुन्हा मांडायला आणखी आठ महिने मिळाले. मात्र डॉक्टरांनी नवा नियम केला: यापुढे कोशातल्या कुठल्याही शब्दाच्या चिठ्ठ्या आधी लडलोला जातील, सोमवारी, मिसेस ट्रँटरकडे.

तीन वर्षांनी खंड छापून आला. प्रस्तावनेत दुसऱ्याच ओळीत मिसेस ट्रँटरचे आभार होते. टिंडल मास्तर शेवटी, 'तसेच' नंतर. तरी ते पुस्तक घेऊन स्वतः धुण्याच्या खोलीत गेले आणि ती ओळ त्यांनी बाईंना मोठ्यानं वाचून दाखवली. बाईंनी हात पुसले, पानावरून बोट फिरवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे लिहिलंय कुणी?"

"लिहिलेलं नाही, छापलंय."

"तेच म्हणते मी. सगळं एकाच हातचं. ना दुमड, ना शेपटी." त्यांनी पुस्तक परत दिलं. "असल्यावर माझा नाही बाई भरवसा."