हिरवीच्या डिकीवरील स्वारी

तपशीलवार लिहून ठेविलें ऐसें जे: नळकारागिरांचे घरीं हिरव्या मोटारीच्या डिकींत पाणी शिरलें, तें कोणत्या वाटेनें शिरलें, त्यावर कोणीं स्वारी केली, कोण भिजले, कोण तोंडघशी पडले आणि अखेर फत्ते कैसी जाहली, याची ही साद्यंत हकीगत. मागाहून लोक तिखटमीठ लावून भलतेंच सांगतात, आणि ज्यांनीं मगभर पाणी उपसलें नाहीं तेच पुढें होऊन शौर्य मिरवितात. सबब खरें तें लिहिलें आहे. वाचणारांनीं हसूं नये. हसूं आल्यास तोंड फिरवून हसावें.

राजश्री पानेबहाद्दर, पेशानें नळकारागीर. पाना सदोदित मागील खिशांत, म्हणोन गल्लीनें दिलेला हा किताब. उमर पन्नाशीची, आणि पोट उमरेच्या दोन पावलें पुढें. तीस वर्षें त्यांनीं लोकांचे नळ, टाक्या आणि मोऱ्या यांचा बंदोबस्त केला, आणि त्यांनीं आवळलेला नळ पुन्हा गळला ऐसें शपथेवर सांगणारा माणूस मिळणें मुश्कील. त्यांचें कुटुंब बाईसाहेब, चष्म्याच्या दुकानीं गिऱ्हाइकांची नजर तपासण्याच्या कामावर. चण लहान, बोलणें थोडें, आणि नजर ऐसी कीं नवऱ्याच्या मनांतलें खोटें त्याच्या आधीं दिसावें. बाईसाहेबांच्या मातोश्री थोरल्या बाईसाहेब, गुडघ्यांनीं दगा दिल्यापासोन चाकांच्या खुर्चीवर विराजमान, हातीं सदा लोकर. आणि बाईसाहेबांचे धाकटे बंधू शालकसाहेब, यांजपाशीं बंद टपाची नवी मोटार, आणि तिच्याविषयीं न विचारतां माहिती पुरविण्याची खोड.

सासू-जावयांत एक जुनें कलम होतें, तें येथेंच सांगितलें पाहिजे. बावीस वर्षांमागें जावई नवेच असतां सासुरवाडीस आले, आणि मोरी तुंबलेली पाहोन त्यांस राहवलें नाहीं, आणि बाह्या सरसावून त्यांनीं मोरी मोकळी केली, आणि त्याच आठवड्यांत थोरल्या बाईसाहेबांच्या विणकामाच्या पोलादी सुयांच्या जोडींतील एक, हिरव्या डोक्याची, गहाळ जाहली. मोरींत खुपसावयास सुई कोणास लागावी? थोरल्या बाईसाहेबांनीं तोंडानें आरोप केला नाहीं. परंतु त्या दिवसापासोन जावई आले कीं त्या लोकरीची पिशवी मांडीवर उचलून घेत, आणि जावयांस तें कळत असे. चोर सोडून संन्याशाला फांसी म्हणतात तें हें.

आतां मोटार. हिरवी ही थोरल्या साहेबांची, म्हणजे थोरल्या बाईसाहेबांच्या यजमानांची. टप कापडी, मागें घडी घालून ठेवावा कीं डोकीवर उघडें आभाळ. दरसाल पत्नीच्या वाढदिवशीं ते टप उघडून तिला तळ्यावर नेत. सहा वर्षांमागें थोरले साहेब वारले, आणि हिरवी पांच वर्षें शालकसाहेबांच्या शेडमध्यें झाकून पडली, आणि मग गेल्या साली पानेबहाद्दरांनीं ती मागून आणिली, धुतली, पुसली, आणि पहिल्याच दिवशीं टपाच्या मागील पन्हळींत डावे-उजवे कोपरीं दोन भोकें पाहोन ट्यूबमधील रबरी मसाल्यानें ऐसीं चोख बुजविलीं कीं मुंगीस वाट न मिळावी. भोक दिसलें कीं बुजवावें, हें तीस वर्षांचें वळण.

मग पावसाचे दिवस आले, आणि डिकींत पाणी आलें. वळणावर आंतून डबक डबक ऐसा नाद होई, आणि गल्लींत हंशा पिके, आणि एके दिवशीं कोपऱ्यावरील न्हाव्यानें दुकानांतून ओरडून विचारिलें, "काय हो, स्वतःच्या गाडीला वॉशर मिळेना होय?" पानेबहाद्दरांनीं ऐकलें न ऐकलेंसें केलें, आणि घरामागें जाऊन मगानें पाणी उपसलें. ऐसे तीन महिने लोटले.

परंतु झांकली मूठ उघडली. थोरल्या बाईसाहेबांची लोकरीची पिशवी चुकून डिकींत राहिली, आंत दोन वर्षें विणलेलें पांघरूण, तें एका पावसांत बुडोन भिजक्या कुत्र्यासारखें वास मारूं लागलें. शालकसाहेब नाक धरोन आले आणि त्यांनीं फर्माविलें कीं, येत्या रविवारीं आईस ऐंशी पुरीं होतात, तिनें आमच्या मोटारींतून तळ्यावर यावें, खुर्ची आमच्या कोरड्या डिकींत राहील, आणि हिरवी सोमवारीं भंगारवाल्याचे हवालीं करावी.   थोरल्या बाईसाहेबांनीं भिजलें पांघरूण मांडीवर घेतलें आणि त्या खिडकींतून हिरवीकडे पाहत बसल्या. तेव्हां पानेबहाद्दर भर सभेंत बोलोन गेले, "रविवारपर्यंत डिकी कोरडी नाही झाली, तर मी स्वतः नेऊन देतो भंगारात."  बाण सुटला तो सुटला.

सोमवारीं मोर्चे बांधिले. पहिली झडप मागील दिव्यांवर. दिवे उतरविले, त्यांखालील रबरी गॅस्केटें म्हातारीं होऊन चिरलेलीं सांपडलीं, तीं काढून नवीं घातलीं, आणि पानेबहाद्दरांनीं जेवतांना विजय जाहीर केला. मंगळवारीं पाऊस जाहला, आणि डिकींत दोन मग पाणी निघालें. मग बुधवारीं झांकणाच्या रबरावर स्वारी केली. कागदाच्या पट्ट्या कापिल्या, एकेक पट्टी झांकणाखालीं धरोन झांकण लाविलें, आणि पट्टी ओढून पाहिली. जेथें पट्टी सुळकन् निघे तेथें रबर बसकें, ऐसा पंचनामा करोन जाड नवें रबर चिकटविलें. तें इतकें जाड कीं झांकण लावण्यास पानेबहाद्दर त्यावर बसले. गुरुवारीं पाऊस जाहला, आणि अडीच मग पाणी निघालें. मग शुक्रवारीं रेडिओच्या एरियलचें बूड, झांकणाची कडी, नंबराच्या पाटीचे स्क्रू, जेथें म्हणोन शंका आली तेथें मसाला थापिला, आणि ट्यूबा सात संपल्या. मागून हिरवी ऐसी दिसूं लागली कीं लहान मुलानें तूप-साखर खाऊन तोंड पुसलें नाहीं. दुपारीं पाऊस जाहला, आणि तीन मग पाणी निघालें. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरें काय.

शुक्रवारीं सायंकाळीं पानेबहाद्दर पायरीवर बसले, आणि जेवणास बोलाविलें तरी उठेनात. बाईसाहेब शेजारीं येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बाहेरून किती दिवस बघणार? पाणी आत येतं ना, मग आत बसून बघायला हवं."

"मी मावत नाही आत."

"तुम्ही कुठे? मी बसते."

शनिवारीं सकाळीं ही मसलत अमलांत आली. डिकी पुसून कोरडी केली, आंतील अस्तर सोडविलें, सर्व पत्र्यावर अंगाला लावण्याची पावडर फांसली, कीं पाण्याचा थेंब जेथून चालेल तेथें त्याचा माग उमटावा. मग बाईसाहेब टॉर्च घेऊन आंत शिरल्या आणि अंग चोरून आडव्या जाहल्या. ठोक्यांचा करार ठरला: एक ठोका म्हणजे कोरडें, दोन म्हणजे ओल, आणि तीन म्हणजे झांकण तात्काळ उघडावें. थोरल्या बाईसाहेबांची खुर्ची दारांत लाविली होती, आणि त्या विणकाम सोडून पाहत होत्या. पानेबहाद्दरांनीं पाईप हातीं घेतला, आणि पाणी खालून वर चढवावयाचें ऐसा शिरस्ता धरिला, कीं कोणती जागा फितूर तें एकेक करोन कळावें. दिव्यांवर पाणी सोडलें, एक ठोका. झांकणाच्या कडेवर सोडलें; एक ठोका. पानेबहाद्दरांस बळ आलें. एरियलवर सोडलें, एक ठोका. मग टपावर सोडलें, आणि पाणी टपावरून ओघळून मागील पन्हळींत उतरलें, आणि घटकाभर कांहीं नाहीं, आणि मग दोन ठोके, आणि लागलीच तीन.

पानेबहाद्दर पाईप टाकून धांवले, परंतु झांकण उघडेना. बुधवारचें जाड रबर ऐसें बसलें होतें कीं स्वतःचीच तटबंदी स्वतःस फोडितां न यावी. त्यांनीं ओढलें, पाना लाविला, झांकणावर बुक्की मारून बाईसाहेबांस हांक मारिली, आणि जमिनीवर सुटलेला पाईप त्यांसच भिजवीत राहिला. आंतून शांत आवाज आला, "घाई करू नका. मी अजून बघतेय."

झांकण निघालें तेव्हां पानेबहाद्दर मागें कोलमडले. बाईसाहेब बाहेर आल्या, केसांपासोन टांचेपर्यंत पांढऱ्या, आणि त्यांनीं साक्ष दिली कीं, पत्र्याच्या सांध्यांतून एक थेंब नाहीं, दिव्यांतून नाहीं, रबरांतून नाहीं. पाणी दोहीं कोपऱ्यांतून वरून येतें, पन्हळ कांठोकांठ भरते आणि मागें डिकींत सांडते.

"आत सांडेल कशी?" पानेबहाद्दर म्हणाले. "तिला फट नाही कुठे. दोन भोकं होती कोपऱ्यात, ती मी पहिल्याच दिवशी बुजवली."

  मग दारांतून थोरल्या बाईसाहेबांचा आवाज आला.

"जावईबापू, पन्हळीची भोकं बुजवलीत तुम्ही?"

"हो."

"मग पाणी जाणार कुठून? नळवाले ना तुम्ही?"

लिहिणाराचें म्हणणें इतकेंच कीं, तीस वर्षें दुसऱ्यांच्या मोऱ्या मोकळ्या करणारानें आपल्या दारची मोरी आपल्या हातें बंद केली, आणि मग पाणी तुंबलें म्हणोन सहा दिवस लढाई मांडिली. शत्रूस किल्ल्यांत कोंडून बाहेरून वेढा घातला. पानेबहाद्दर कान पाडून उभे राहिले, आणि सबब सांगितली नाहीं, हें त्यांच्या बाजूनें नमूद केलें पाहिजे.

थोरल्या बाईसाहेब पुढें म्हणाल्या कीं, यजमान दर महिन्यास टपामागें वांकून त्या भोकांतून पाल्याचा कचरा काढीत, कशानें काढीत तें आपण कधीं पाहिलें नाहीं, परंतु काम संपलें कीं तें हत्यार पुढच्या कप्प्यांत ठेवीत. बाईसाहेबांनीं कप्पा उघडिला. आंत नकाशे, वाळलेलें पेन, चष्म्याचें रिकामें घर, आणि सर्वांखालीं एक लांब पोलादी सुई, टोंक काळवंडलेलें, डोकें हिरवें.

काखेंत कळसा आणि बावीस वर्षें गांवाला वळसा. बाईसाहेबांनीं सुई आईच्या हातीं दिली. थोरल्या बाईसाहेबांनीं ती उलटसुलट पाहिली. "हे म्हणजे..." इतकें म्हणोन त्या थांबल्या, आणि हसूं लागल्या, आणि हसतां हसतां डोळे पुसूं लागल्या. "हेच माझ्याबरोबर घरभर शोधत होते हो सुई. पलंगाखाली वाकून शोधत होते." मग जावयाकडे वळोन म्हणाल्या, "मी तुम्हाला चोर धरलं होतं. इतकी वर्षं."

"मला ठाऊक होतं," पानेबहाद्दर म्हणाले. "पण मोरीत खुपसायला मी तार वापरली होती. विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

मग त्यांनीं आपल्या हातांनीं आपलाच मसाला कोरून काढिला, आणि सुई प्रथम डाव्या भोकांत घातली, मग उजव्या, आणि आंतून काळा कुजका पाला निघाला, आणि पन्हळींतील पाणी गटगट करीत खालीं गेलें आणि मागील चाकांजवळ जमिनीवर पडलें. त्या आवाजासारखें गोड पानेबहाद्दरांनीं तीस वर्षांत ऐकलें नव्हतें. मग पाऊण तास टपावर पाणी सोडलें, आणि डिकींत वर्तमानपत्र अंथरून ठेविलें.

रविवारीं शालकसाहेब बंद मोटार घेऊन हजर जाहले. पहाटे एक सर पडून गेली होती. त्यांनीं हिरवीची डिकी उघडिली, वर्तमानपत्र उचललें, चिमटींत चुरगाळलें, तें करकरलें. मग त्यांनीं कोपऱ्यांत हात घालून पाहिला आणि हात कोरडाच बाहेर आला. "बरं," इतकेंच बोलोन त्यांनीं आईची खुर्ची घडी करोन स्वतःच हिरवीच्या डिकींत ठेविली, आणि आपली मोटार तेथेंच सोडून मागील आसनावर बसले. हाच तह समजावा.

पानेबहाद्दरांनीं टप उघडिला. थोरल्या बाईसाहेब पुढें बसल्या, मांडीवर धुतलेलें पांघरूण. निघतेवेळीं बाईसाहेबांनीं सुई धुवून पुसून आणिली आणि म्हणाल्या, "आई, घे. तुझी जोडी पुरी झाली."

थोरल्या बाईसाहेबांनीं सुई घेतली. पुढचा कप्पा उघडिला, नकाशांखालीं ती पहिल्या जागीं ठेविली, आणि कप्पा लाविला.

"राहू दे तिथंच," त्या म्हणाल्या. "ह्यांना लागते."

येणेंप्रमाणें मोहीम फत्ते जाहली. डिकी कोरडी, भोकें दोन, दोन्ही उघडीं, दर महिन्यास तीं साफ राखण्याचा अधिकार जावयाकडे वंशपरंपरेनें दिला असे. पिशवी उचलून मांडीवर घेण्याची चाल त्या दिवसापासोन मोडली.